साइन काढणं महाग होतं तेव्हा

कोडमध्ये चित्र काढायची रीत आता सगळ्यांच्या हातात बसली आहे. कोनाच्या साइन-कोसाइनवरून दिशा काढायची, तिला लांबीने गुणायचं आणि आधीच्या बिंदूत मिळवायचं. आजच्या प्रोसेसरला एका फ्रेममध्ये हजारो साइन मागितल्या तरी त्याचं काही वाटत नाही. ही रीत रुळली त्या काळी मात्र एक साइन काढणंही यंत्राच्या जिवावर यायचं. या इतिहासातला खरा मजेशीर भाग माझ्या मते तोच: साइन कशी टाळली गेली.

ही काटकसर संगणकाच्या कितीतरी आधीची. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त २४ आकडे दिलेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ असे उतरत जाणारे. हे लागोपाठच्या ‘ज्यां’मधले फरक आहेत; ‘ज्या’ म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन. त्रिज्या ३४३८ आणि प्रत्येक पायरी पावणेचार अंशांची. वरचे आठ आकडे मिळवून पाहा. बेरीज येते १७१९, म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मी. आणि आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश. साइन ३० म्हणजे अर्धा, हे शाळेत पाठ केलेलं उत्तर नुसत्या बेरजांनी हाती येतं.

पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढायचा नियम दिला. पडद्यावरचा बिंदू फिरवायला आपण जे सूत्र लिहितो, त्याच्या पोटात हाच नियम असतो. (त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात आहे.)

सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशी, त्या मानाने कालचे. आयरिश गणिती हॅमिल्टनला १८४३ मध्ये डब्लिनला क्वाटर्निअन (चार घटकांच्या संख्या) सुचले. त्यांची छाटणी करून गिब्ज आणि हेविसाइड यांनी आजचं सदिश बीजगणित उभं केलं. ते भौतिकीवाल्यांचं हत्यार होतं. पडद्यावर त्याचा कस लागला तो एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेत, १९६२ साली, पीडीपी-१ या संगणकावर.

तिथे स्टीव्ह रसेल ‘स्पेसवॉर’ हा दोन यानांच्या लढाईचा खेळ लिहिणार होता, पण साइन-कोसाइनची सबरूटीन (हवी तेव्हा वापरायचा तयार कोडचा तुकडा) नाही म्हणून काम पुढे ढकलत होता. शेवटी अ‍ॅलन कोटॉक यंत्र बनवणाऱ्या डेक कंपनीकडे गेला, ती घेऊन आला आणि रसेलची सबब संपली. तरी अडचण होतीच. त्या यंत्रावर साधा गुणाकारही पायरीपायरीने करणारी सबरूटीन लागे. मग यानाची बाह्यरेषा अष्टमान (० ते ७ या) अंकांत लिहिली गेली. प्रत्येक अंक म्हणजे एक पाऊल: मागे, बाहेर, आत किंवा तिरकं. रेषा एकाच बाजूची लिहिलेली, दुसरी बाजू आरशासारखी उलटवून. यानाच्या कोनाचे साइन-कोसाइन फ्रेममागे एकदाच काढायचे, त्यांवरून या पावलांचे सदिश तयार करायचे आणि मग नुसत्या बेरजा करत टिंबं उमटवत जायचं. यानाची चालही तशीच: प्रवेग वेगात मिळवा, वेग स्थानात मिळवा. आजही खेळ लिहायला शिकणारा पहिल्या आठवड्यात हेच करतो.

पीडीपी-१ वरचीच दुसरी करामत मार्व्हिन मिन्स्कीची. वर्तुळ काढायला त्याने साइनला हातच लावला नाही. बिंदूच्या एक्समधून वायचा छोटा अंश वजा करायचा, मग वायमध्ये एक्सचा तेवढाच अंश मिळवायचा आणि हे करत राहायचं. अंश दोनने पुन्हा पुन्हा भागून मिळणारा, म्हणजे गुणाकाराऐवजी आकड्याचे बिट (०-१ चे अंक) सरकवले की झालं. गंमत अशी की दुसऱ्या पायरीत नवा एक्स वापरला जातो. हे चुकून घडलं. एक रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा) वाचवायच्या नादात जुना एक्स पुसला गेला होता. जुना जपून ठेवला असता, तर दर पावलाला बिंदू केंद्रापासून किंचित दूर जाऊन मळसूत्रासारखा बाहेर गेला असता. नव्यामुळे वाट बंद होते. निघते ती लंबवर्तुळाकृती, पण डोळ्यांना गोलच वाटते. १९७२ च्या ‘हॅकमेम’ या एमआयटीच्या टिपणसंग्रहात ही युक्ती नोंदलेली आहे.

जॅक व्होल्डरने बी-५८ बॉम्बरच्या दिशादर्शनासाठी शोधलेली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली कॉर्डिक पद्धतही याच जातीची: छोटे छोटे ठरावीक कोन फिरवत सदिश हव्या कोनापर्यंत न्यायचा, नुसत्या बेरजा आणि बिट सरकवण्यावर. खिशातल्या कॅल्क्युलेटरला साइन परवडली ती हिच्यामुळे.

घरगुती आठ-बिटी यंत्रांवर तर वर्तुळाचे ३६० ऐवजी २५६ भाग करायची पद्धत होती. २५५ नंतर बाइट आपोआप शून्यावर येते, त्यामुळे फेरी पुरी झाली का हे तपासायलाच नको. तक्ता पाव वर्तुळाचा ठेवायचा, बाकीचा उलटसुलट वाचायचा.

इंटेलच्या ८०३८७ या गणिती चिपमध्ये १९८७ साली साइन आणि कोसाइनच्या थेट सूचना आल्या आणि तक्त्यांची गरज ओसरू लागली. २००१ मध्ये एमआयटीतच सुरू झालेल्या ‘प्रोसेसिंग’ या चित्रकारांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेपर्यंत येता येता चित्रकाराने खर्चाचा विचार करायचं कारण उरलं नाही. नवशिक्याला तिथे अडवतो तो वाय अक्ष: पडद्यावर तो खाली वाढतो, त्यामुळे वहीत घड्याळाच्या उलट फिरणारा कोन इथे काट्यांच्या दिशेने फिरतो.