दुधाच्या कॅनमधलं दप्तर: वॉर्सा घेट्टोच्या गुप्त आर्काइव्हची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या कत्तलीचे कागदोपत्री पुरावे म्हटले की आधी डोळ्यासमोर येतात ते जर्मन कागद, कारण नाझी मंडळी नोंदी ठेवण्यात भलतीच चोख होती, गाड्यांची वेळापत्रकं, कॅम्पची रजिस्टरं, जप्त मालाच्या याद्या, सगळं व्यवस्थित शिक्क्यानिशी. जर्मनीतल्या बाड आरोल्सेन गावात युद्धानंतर गोळा झालेल्या अशा कागदांची संख्या ३ कोटींच्या घरात आहे आणि त्यात पावणेदोन कोटी माणसांचे उल्लेख आहेत. हात वर करून उभा असलेला तो घाबरलेला लहान मुलगा सगळ्यांनी बघितलेला असतो, तर तो फोटोसुद्धा वॉर्सा घेट्टो, म्हणजे पोलंडच्या राजधानीत ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, जमीनदोस्त करणाऱ्या युर्गन श्ट्रोप ह्या नाझी अधिकाऱ्याने आपल्या साहेबांना पाठवायला बनवलेल्या अल्बममधला आहे. म्हणजे ज्यूंचा शेवट आपण बघतो तो बऱ्याचदा मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून. ती माणसं मेली कधी आणि कुठे हे ह्या नोंदींत सापडतं, पण ती काय खात होती, कशावरून भांडत होती, पोरांना काय शिकवत होती, ते नाही.

ही अडचण घेट्टोत बसलेल्या एका इतिहासकाराला १९४० मध्येच दिसलेली होती, आणि त्याने जे उभं केलं ते आज रिंगेलब्लूम आर्काइव्ह म्हणून ओळखलं जातं. त्याच्याबद्दल लिहिताना लोक जरा फिल्मी होतात, मृत्यूच्या छायेत धाडसी माणसं वगैरे. धाडस होतंच, प्रश्न नाही. पण हे काम असं एकाएकी सुचत नाही हो, त्याच्यामागे पन्नास वर्षांची सवय होती, आणि ती सवय समजली नाही तर हे सगळं चमत्कारासारखं वाटत राहतं.

सुरुवात १८९१ पासून धरायची. रशियन साम्राज्यातला ज्यू इतिहासकार सिमोन दुब्नोव ह्याने तेव्हा एक आवाहन केलं की आपल्याला ना राज्य आहे ना सरकारी दप्तरखाना, तेव्हा गावोगावच्या जुन्या वह्या, पंचायतींची रजिस्टरं, थडग्यांवरचे लेख लोकांनीच गोळा करावेत. लोकांनी ते खरंच मनावर घेतलं आणि शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार असे साधे लोक हौशी संग्राहक झाले. १९१२ ते १९१४ मध्ये आन्स्की नावाच्या लेखकाने युक्रेनमधल्या खेड्यापाड्यांत फिरून गाणी, गोष्टी, फोटो जमवले. मग १९१९ च्या आसपास युक्रेनमध्ये ज्यूंवर भयानक हल्ले झाले तेव्हा कीव्हमध्ये काही लोकांनी साक्षी, याद्या, फोटो जमवायला घेतले, आणि तोच साठा १९२७ मध्ये पॅरिसच्या एका खून खटल्यात बचाव पक्षाने पुरावा म्हणून वापरला. कागद जपून ठेवला तर तो कधीतरी कोर्टात उभा राहतो हे लोकांनी तेव्हा स्वतः बघितलं.

१९२५ मध्ये यिवो ही संस्था निघाली, मुख्य ठिकाण विल्ना, तेव्हा पोलंडमध्ये, आता लिथुआनियाची राजधानी. यिडिश ह्या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा हा तिचा उद्देश, आणि पद्धत अशी की प्रश्नावल्या छापायच्या, गावोगावच्या संग्राहकांना पाठवायच्या आणि उत्तरं मागवायची. तिने तरुणांसाठी आत्मचरित्राच्या स्पर्धा घेतल्या, १९३२, १९३४ आणि १९३९ मध्ये, आणि सहाशेच्या वर आत्मचरित्रं जमली. १७-१८ वर्षांच्या पोरापोरींनी लिहिलेलं, बाप दारू पितो, नोकरी मिळत नाही, पॅलेस्टाइनला जाऊ की इथेच क्रांती करू, असलं सगळं. युद्धाआधीचं ज्यू आयुष्य म्हणजे निव्वळ मेणबत्त्या आणि प्रार्थना असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

एमॅन्युएल रिंगेलब्लूम ह्याच मुशीतला. जन्म १९०० चा, गाव बुचाच, डावा झायोनिस्ट (ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये स्वतःचा देश हवा म्हणणारा), पोट भरायला हायस्कूलमध्ये मास्तरकी आणि डॉक्टरेटचा विषय १५२७ पर्यंतच्या वॉर्सातले ज्यू. म्हणजे तरुणपणातली कितीतरी वर्षं त्याने अशा कागदांत घातली की ज्यात ज्यू माणूस दिसतो तो एक तर कराच्या यादीत नाहीतर कोर्टाच्या खटल्यात, आणि लिहिणारा प्रत्येक वेळी दुसराच कोणीतरी. मला वाटतं घेट्टोतल्या कामाचं मूळ इथे आहे.

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने तिथे राहणाऱ्या सुमारे १७ हजार पोलिश ज्यूंना रातोरात उचलून सीमेवर आणून सोडलं, आणि पोलंडही त्यांना सहजासहजी आत घेईना. त्यातले हजारो लोक झबॉन्शिन ह्या सीमेवरच्या गावात तबेल्यांमध्ये अडकून पडले (पॅरिसमध्ये जर्मन अधिकाऱ्यावर गोळ्या झाडणाऱ्या हेर्शेल ग्रिन्श्पानचे आईवडील त्यांच्यातच होते). जॉइंट ह्या अमेरिकन ज्यू मदत संस्थेने रिंगेलब्लूमला तिथे पाठवलं. त्याने स्वयंपाकघर, दवाखाना, कपडेवाटप सगळं लावून दिलं आणि ते करता करता लोकांच्या हकिगती उतरवून घेतल्या. मदतकार्य आणि नोंदी हे दोन्ही हातात हात घालून करायचं, ही पुढच्या कामाची रंगीत तालीमच झाली म्हणायची. १९३९ च्या ऑगस्टमध्ये तो जिनिव्हाला झायोनिस्ट काँग्रेसला गेलेला, युद्ध दारात आलेलं दिसत होतं, तरी परत आला.

जर्मनांनी घेट्टो बंद केला १६ नोव्हेंबर १९४० ला. साधारण साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून जास्त माणसं, एका खोलीत सरासरी सात जण, आणि सरकारी रेशन माणशी दिवसाला २०० कॅलरींच्याही आत. त्यानंतर आठवड्याभरातच, २२ नोव्हेंबरला, रिंगेलब्लूमच्या घरी बैठक झाली आणि काम रीतसर सुरू झालं. बैठका शनिवारी व्हायच्या म्हणून नाव ठेवलं ओयनेग शाबेस, म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र सुट्टीचा आनंद, कोणाच्या कानावर पडलं तरी धार्मिक मंडळ वाटावं असं. हेर्श वासर आणि एलियाहू गुट्कोव्स्की हे सेक्रेटरी, बाकी सगळे मिळून साठेक माणसं. त्यात रबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू होते, अर्थशास्त्रज्ञ होते, सूप किचन चालवणारी राखेल आउअरबाख होती, आणि मला सगळ्यात आवडणारा म्हणजे पेरेत्झ ओपोचिन्स्की, युद्धाआधीचा पत्रकार, घेट्टोत पोस्टमन झालेला. दिवसभर पत्रं वाटत जिने चढायचा, कोणत्या दारामागे काय चाललंय ते बघायचा आणि त्यावरच रिपोर्ताज लिहायचा.

एवढी माहिती आली कुठून, तर घेट्टोत प्रत्येक इमारतीची हाऊस कमिटी असायची, अशा हजारावर कमिट्या, आणि त्यांच्याशी संपर्क ठेवणारी जी स्वयंसाहाय्य संस्था होती तिथेच रिंगेलब्लूम कामाला. दिवसा मदतीचं काम करायचं आणि त्याच ओळखीतून माणसं हेरायची, कोण तोंड बंद ठेवेल, कोण नीट लिहील. जर्मनांनी नेमलेल्या ज्यू कौन्सिलपासून हे सगळं लपवून ठेवलेलं, कारण त्यांच्यावर आणि ज्यू पोलिसांवरही लिहायचं होतं, लाचखोरीसकट. रिंगेलब्लूमचा ह्याबाबत कटाक्ष होता की आपली लाज वाटणाऱ्या गोष्टीही उतरवायच्या.

जमा काय केलं बघा: स्मगलिंग कसं चालतं, बायकांनी संसार कसे ओढले, रस्त्यावरची पोरं, निर्वासितांचे हाल, शाळेतल्या मुलांचे निबंध, भूमिगत वर्तमानपत्रं. शिवाय ट्रामची तिकिटं, रेशन कार्डं, नाटकाची पोस्टरं, चॉकलेटांचे कागद. आता उपाशी गावात चॉकलेटचा कागद म्हटलं की खटकतंच, पण तोच तर मुद्दा, त्याच गल्लीत पैसेवाले स्मगलर कॅफेत केक खायचे आणि बाहेर फुटपाथवर प्रेत पडलेलं असायचं, आणि हे दोन्ही नोंदवायचं होतं. महत्त्वाच्या मजकुराच्या टाइप करून जास्तीच्या प्रती काढायचे, एक गेली तर दुसरी राहावी म्हणून.

१९४२ उजाडलं तसं कामाचं स्वरूप बदललं. पोलंडमधल्या हेल्मनो इथे डिसेंबर १९४१ पासून माणसांना बंद गाड्यांमध्ये गॅसने मारणं सुरू झालेलं. प्रेतं पुरायला जुंपलेला एक तरुण जानेवारीत तिथून पळाला आणि वॉर्सात पोचला. हेर्श आणि ब्लुमा वासर ह्या नवराबायकोने त्याची पूर्ण हकिगत उतरवून घेतली आणि त्यावरचा रिपोर्ट पोलिश भूमिगत चळवळीमार्फत बाहेर पाठवला. २६ जूनला बीबीसीवर पोलंडमधल्या ज्यूंच्या संहाराची बातमी लागली तेव्हा रिंगेलब्लूमने डायरीत लिहिलं की आजचा दिवस आपल्या मंडळासाठी मोठा, आपण आपलं काम केलं. त्याला वाटलं आता जग काहीतरी करेल. चार आठवड्यांच्या आत, २२ जुलैला, वॉर्सातूनच ट्रेब्लिंका ह्या मृत्यूछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या आणि सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांच्या वर माणसं गेली.

३ ऑगस्टला पहिला साठा पुरला, नोवोलिप्की ६८ इथल्या शाळेच्या तळघरात, दहा पत्र्याच्या पेट्या. पुरणारे तिघं, शाळेतला शिक्षक इझ्राएल लिख्टेनश्टाइन आणि दोन पोरं, १९ वर्षांचा डाविड ग्राबर, १८ चा नाखुम ग्झिवाच. तिघांनीही शेवटच्या क्षणी आपले चार शब्द पेटीत टाकले. ग्राबरने लिहिलं की जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरतोय. ग्झिवाच लिहीत असताना बाहेर गोळीबार चालू होता, त्याला कळलं की आईवडील राहतात ती इमारत वेढलीय, तर तो लिहितो की मी तिकडे धावतोय, पुढे काय होईल माहीत नाही, लक्षात ठेवा, माझं नाव नाखुम ग्झिवाच. लिख्टेनश्टाइनची बायको गेला सेकश्टाइन चित्रकार, तिची तीनशेच्या आसपास चित्रं त्याच पेट्यांत गेली आणि सोबत चिठ्ठी, की मला स्तुती नको, फक्त मी आणि माझी मुलगी मार्गोलित लक्षात राहावी. मुलगी तेव्हा वीस महिन्यांची.

दुसरा साठा फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच जागी पुरला, ह्या वेळी दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये. रिंगेलब्लूम एप्रिल १९४३ मधल्या घेट्टोतल्या उठावाच्या सुमारास पकडला गेला, त्राव्निकीच्या लेबर कॅम्पात पोचला, तिथून त्याला सोडवून आणलं, मग वॉर्साच्याच ग्रुयेत्स्का रस्त्यावर एका माळ्याने खणलेल्या बंकरमध्ये तो बायको युदिता आणि मुलगा उरी ह्यांच्यासोबत लपला आणि तिथेही पोलिश-ज्यू संबंधांवर लिहीत बसला. ७ मार्च १९४४ ला बंकर सापडला आणि काही दिवसांत सगळ्यांना गोळ्या घातल्या, त्या माळ्यालाही.

साठेक जणांतले युद्धानंतर उरले तिघं, वासर नवराबायको आणि राखेल आउअरबाख. १९४६ च्या एप्रिलमध्ये आउअरबाखने जाहीर सभेत सांगितलं की ह्या ढिगाऱ्याखाली आपला ठेवा आहे, तो काढा, आणि लोकांना ते फारसं पटलं नाही, कारण अन्न-निवारा सोडून कागद कोण शोधत बसणार. शेवटी अमेरिकेतून पैसे आले. पण खणणार कुठे, रस्ते उरलेच नव्हते, सगळीकडे विटांचा डोंगर, मग जुन्या फोटोंवरून शाळेची जागा ठरवावी लागली. १८ सप्टेंबरला पेट्या लागल्या. घाईत पुरताना त्यांची झाकणं डाख देऊन बंद केलेली नव्हती, त्यामुळे आत पाणी शिरलेलं, कागद एकमेकांना चिकटलेले, बुरशी आलेली, बरेच फोटो गेलेले. कॅन मात्र १ डिसेंबर १९५० ला नव्या घरांचं बांधकाम करताना मजुरांना मिळाले आणि आतला माल बऱ्यापैकी कोरडा निघाला. तिसरा साठा होता असं मानतात, त्याची जागा आज चिनी दूतावासाच्या आवारात येते, तिथेही शोध घेऊन झाला, हाती लागला नाही.

सगळं मिळून ३५ हजारांच्या आसपास पानं, आज वॉर्सातल्या ज्यूइश हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटमध्ये, आणि १९९९ पासून युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत. पण पुरलेलं बाहेर आलं म्हणून लगेच वाचायला मिळालं असं काही झालं नाही. कम्युनिस्ट पोलंडमध्ये १९५० च्या दशकात रिंगेलब्लूमच्या नोंदी छापल्या त्या कात्री लावून, राजकीयदृष्ट्या अडचणीचं ते गाळून. संपूर्ण छापायला सुरुवात व्हायला १९९७ उजाडलं आणि मग एकेक करत तीसच्या वर खंड निघाले, आता मूळ कागदांचे स्कॅनही ऑनलाइन आहेत. आउअरबाख पुढे इस्रायलला गेली, याद वाशेम ह्या तिथल्या ज्यू संहाराच्या स्मारकसंस्थेत १९५४ पासून साक्षी नोंदवण्याचा विभाग तिने चालवला, आणि १९६१ मध्ये ज्यूंना छावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था लावणाऱ्या आइकमन ह्या नाझी अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला तेव्हा कोणकोणाला साक्षीला बोलवायचं हे ठरवण्यात ती होती.