क्रॉस पट्टीत इलॅस्टिक नसतं हो!

परवा एक रील बघितली, त्यात ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावत होते आणि सांगत होते की ही "मॅजिक पट्टी" आहे, हिला स्पेशल स्ट्रेचचं कापड लागतं. खाली लोक विचारतायत, कुठं मिळेल, रेट काय? अहो, घरातल्या कुठल्याही सुती तुकड्यात मिळेल, कात्री तेवढी तिरकी चालवायची! अशा तिरक्या कापलेल्या पट्टीला आमच्या सोलापुरात टेलर लोक क्रॉस पट्टी म्हणतात, जुनी माणसं उरेब. आई इतकी वर्षं ब्लाउज शिवते, तिला विचारलं की तिरकं कापल्यावरच का ताणतं, तर म्हणाली, "क्रॉसमध्ये कापड देतं." बरोबर आहे, पण का देतं?

घरात सोलापुरी चादर असेलच. धुतल्यावर दोघांनी लांबीत धरून ओढून बघा, काही होत नाही. आता समोरासमोरचे तिरके कोपरे धरून ओढा. लगेच लांबते आणि मध्ये अरुंद होते. धागे तेच, हात तेच, फक्त दिशा बदलली.

मागावर उभे धागे असतात, तो ताणा, आणि धोटा त्यातून आडवा धागा, म्हणजे बाणा, टाकत जातो, म्हणजे कापड म्हणजे बारीक बारीक चौकोनांची जाळीच. सरळ ओढलं की थेट धाग्यालाच ओढता, आणि सुती धागा तुटायच्या आधी शंभराला जेमतेम सहा-सात लांबतो. तिरकं ओढलं की धाग्यांची लांबी तेवढीच राहते, त्यांच्यातला कोन बदलतो. दुकानाचं चॅनेल गेट आठवा. लोखंडाच्या पट्ट्या काय रबराच्या असतात का? तरी गेट ओढलं की चार फूट पसरतं, कारण चौकटी आडव्या होतात, आणि पसरताना जाळी उंचीला बसकी होते. अगदी तेच कापडात होतं.

हिशोब करून बघू, दहावीचा भूमितीचा पेपर आठवून. १ सेमी बाजूच्या चौरसाचा कर्ण १.४१४. तो चौरस इतका तिरपा केला की ९० चा कोन ६० झाला, तर लांब कर्ण होतो १.७३२ आणि आखूड १. म्हणजे लांबीत साडेबावीस टक्के वाढ आणि रुंदीत २९ टक्के घट, आणि धागा एक केसभर लांबलेला नाही! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास वहीत चौकोन काढत बसलो होतो. एवढं कापड पार ओढल्यावरच होतं म्हणा, गळ्याला त्याच्या अर्धंही लागत नाही.

गळ्याला लागतं किती? पट्टी १ सेमी रुंद धरा. गोल गळ्यावर तिच्या बाहेरच्या आणि आतल्या काठात फरक पडतो २ गुणिले पाय (π) गुणिले १, म्हणजे ६.२८ सेमी. गंमत म्हणजे गळा बाळाचा असो की आजीचा, हा फरक तेवढाच राहतो. बाळाच्या गळ्याला तो जास्त जाणवतो, कारण तिथं एकूण घेरच कमी. सरळ पट्टीला हे जमत नाही, मग चुण्या पडतात आणि गळा उभा राहतो.

आणि तिरकं म्हणजे कसंही तिरकं नाही, ४५ अंशच. ३० मध्ये कापली तर एका जातीचे धागे जवळपास पट्टीच्याच दिशेनं धावतात, ताण तेच घेतात, दुसरे मोकळे, आणि पट्टी दोरीसारखी पिळते. म्हणून कापडाचा उभा काठ आडव्या धाग्यावर आणून त्रिकोणी घडी घालायची, ती घडी म्हणजे ४५. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मॅडलिन व्हिओनेनं १९२० च्या दशकात अख्खे ड्रेस असे उरेबमध्ये कापून नाव कमावलं, आपण निदान गळा तरी नीट करू.

रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं म्हणतात. आमच्याकडं एकदाच झालं, मी घाईत सगळ्या पट्ट्या सरळ कापून ठेवल्या होत्या तेव्हा.

पट्ट्या जोडताना टोकं काटकोनात ठेवून तिरकी शिलाई मारायची, म्हणजे जाडी एका जागी साठत नाही. इस्त्री ओढायची नाही, दाबायची आणि उचलायची, नाहीतर ४ सेमी रुंद कापलेली पट्टी वर सांगितलं तशी टेबलावरच लांबून अरुंद होते.

लांब पट्टी हवी असेल तर चौरस कर्णावर कापून दोन त्रिकोण सरळ बाजूंनी जोडायचे, तिरक्या काठाला समांतर रेघा मारायच्या, मग उरलेल्या सरळ बाजू एक पट्टी सरकवून जोडायच्या, नळी होते, आणि ती गोल गोल कापत जायची. (इथं कागद घेऊन बसा, वाचून कळत नाही, मलाही कळलं नव्हतं.) लांबी म्हणजे क्षेत्रफळ भागिले रुंदी. ५० सेमीचा चौरस, ४ ची पट्टी, २५०० भागिले ४, सव्वासहा मीटर. आईला पटेना, तिनं टेप काढली. सव्वापाच भरली. एक मीटर शिलाईत आणि शेवटच्या अरुंद चिंधीत गेलं, ते मी हिशोबात धरलंच नव्हतं.