नकाराचा होकार करणारी बेरीज

ऑफिसचा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) किंवा नेटवर्कचा स्विच (संगणकांना एकमेकांशी जोडणारं यंत्र) तुम्हाला पासवर्ड विचारतो, तेव्हा तो बरोबर आहे की नाही हे बहुतेकदा त्या यंत्राला स्वतःला ठाऊक नसतं. ते मागच्या सर्व्हरला विचारतं आणि 'होय' आलं की दार उघडतं. ही विचारपूस चालते ती रेडियस नावाच्या १९९१ सालच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याच्या ठरलेल्या रीतीतून. ९ जुलै २०२४ रोजी संशोधकांनी दाखवून दिलं, की सर्व्हरने धाडलेल्या 'नाही'चं वाटेतच 'होय' करता येतं. या हल्ल्याचं नाव ब्लास्ट-रेडियस.

पासवर्ड लांबलचक ठेवला की निर्धास्त, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. इथे तर हल्लेखोर मुद्दाम चुकीचाच पासवर्ड टाकतो!

सर्व्हरच्या उत्तरातला पहिला बाइट २ असेल तर प्रवेश, ३ असेल तर नकार. वाटेत कुणी ३ चे २ करू नयेत म्हणून उत्तरावर १६ बाइटांचा शिक्का असतो. तो काढायची रीत अशी: उत्तराचा मजकूर घ्यायचा, शेवटी फक्त सर्व्हर आणि यंत्र यांनाच माहीत असलेला गुप्त शब्द जोडायचा आणि सगळं एमडी५ या सूत्रात घालायचं.

गुप्त शब्द शेवटी जोडला, तिथेच घात झाला. एमडी५ मजकूर ६४-६४ बाइटांच्या घासांनी गिळतं आणि प्रत्येक घासानंतर फक्त १६ बाइटांची 'आतापर्यंतची बेरीज' जवळ ठेवतं. समजा, वाण्याकडे एकाने तूरडाळ आणि गूळ घेतला, दुसऱ्याने पोहे, शेंगदाणे आणि साबण. दोघांचीही बेरीज ४१५ वर आली. आता दोन्ही बिलांत बंद पाकिटातली एकच रक्कम मिळवली, तर शेवटचा आकडा सारखाच येणार. पाकीट फोडायची गरजच नाही.

गुप्त शब्द म्हणजे हे पाकीट. चिनी संकेतशास्त्रज्ञ वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एमडी५ची एकच बेरीज देणारे दोन वेगळे मजकूर दाखवले. सुरुवात आपल्या मनासारखी ठेवूनही तशी जोडी जुळवता येते, हे २००७ मध्ये सिद्ध झालं. ब्लास्ट-रेडियसमध्ये हल्लेखोर वाटेत बसून यंत्राची विचारणा अडवतो, नकार कसा येईल हे आधीच ताडतो आणि नकार व होकार दोन्हींची बेरीज जुळेल असा निरर्थक भरणा शोधतो. नकाराच्या वाट्याचा भरणा तो विचारणेतल्या प्रॉक्सी-स्टेट या रकान्यात घुसवतो. हा रकाना जसाच्या तसा परत पाठवायचा, असा नियमच आहे! सर्व्हर इमानाने तो परत करतो, शिक्का मारतो, आणि तोच शिक्का बनावट होकारावर चपखल बसतो. मला हे फार देखणं वाटतं: गुप्त शब्द शेवटपर्यंत गुप्तच राहतो.

यासाठी संशोधकांना काही मिनिटं लागली. यंत्रं सहसा अर्धा-एक मिनिटच थांबतात. शिवाय हल्लेखोर यंत्र आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर हवा. म्हणून उद्या सगळे वायफाय उघडे पडणार, हा कांगावा खोटा. ऑफिसांतलं ईएपी या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं वायफाय तर यातून सुटलं, कारण तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर हा दुसरा शिक्का सक्तीचा आहे. त्यात गुप्त शब्द सुरुवातीलाच मिसळतात, त्यामुळे बेरीज कुठून सुरू झाली हेच हल्लेखोराला कळत नाही. आतलं सूत्र मात्र तेच, एमडी५!

'लष्करी दर्जाची सुरक्षा' असं खोक्यावर छापून काही होत नाही. हा दुसरा शिक्का २००० सालापासून कागदावर होता, पण ईएपी सोडून बाकीच्यांसाठी ऐच्छिक. आता रेडियस सर्व्हरच्या नव्या आवृत्त्यांत तो सक्तीचा करता येतो. त्यासाठी सर्व्हर अद्ययावत करून भागत नाही. कपाटातल्या जुन्या स्विचलाही तो शिक्का मारता आणि तपासता यायला हवा.