वऱ्हाडपांडे यादीत आहेत, पण सापडत नाहीत

वऱ्हाडपांडे हे आडनाव नागपुरात काही दुर्मीळ नाही. सोसायटीच्या सभासदांची किंवा लग्नाच्या आमंत्रणांची यादी उघडा, शोधायच्या चौकटीत हे आडनाव टाका, आणि पुष्कळदा उत्तर येतं शून्य. यादी हाताने खाली सरकवत नेली की वऱ्हाडपांडे तिथेच बसलेले. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: कॉम्प्युटरला मराठी कळत नाही.

कॉम्प्युटरला इंग्रजीही कळत नाही. त्याच्याकडे फक्त आकडे असतात, आणि कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे माणसांनी बसून ठरवलेलं असतं. वऱ्हाडपांडेंची अडचण अशी की डोळ्यांना तंतोतंत एकच दिसणारं हे आडनाव दोन वेगळ्या आकड्यांच्या रांगांमध्ये साठवता येतं. त्यातली कोणतीही रांग चुकीची नाही.

१९६३ साली अमेरिकेत ॲस्की हे मानक आलं. त्यात ७ बिट, म्हणजे १२८ जागा: इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला द्यायच्या सूचना. देवनागरीला जागाच नव्हती. त्यावर आपल्याकडे निघालेला तोडगा म्हणजे फाँटची फसवणूक. आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, फक्त फाँटमध्ये त्या आकड्यांसमोर मराठी चित्रं काढायची. कृतिदेव हा त्यातलाच, जुन्या टाइपरायटरच्या कळपाटावर बेतलेला. त्यात ‘नागपूर’ टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतात ती इंग्रजी अक्षरं: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. ज्या मशीनवर कृतिदेव नाही तिथे हीच सहा अक्षरं उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते, वरचा मुखवटा गळालेला असतो.

ही फाइल आजच्या मराठीत आणायला अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. ‘विदर्भ’ घ्या. कृतिदेवमध्ये कळा अशा: एफ, ओ, एन, कॅपिटल एच, के, कॅपिटल झेड. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ती ‘व’च्या आधी, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. कॅपिटल एच म्हणजे काना नसलेला ‘भ’, आणि पुढचा के त्याचा उभा दांडा. हाच के ‘नागपूर’मध्ये मात्र खरा काना होता. शेवटचा झेड म्हणजे रफार, जो दिसतो ‘भ’वर पण उच्चारात येतो ‘भ’च्या आधी. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला वेलांटी उचलून एक अक्षर उजवीकडे न्यावी लागते, रफार डावीकडे आणावा लागतो, आणि प्रत्येक के पाहून विचारावं लागतं की बाबा, तू काना की दांडा? जोडाक्षरावर वेलांटी आली की साधे प्रोग्राम इथेच घसरतात. रूपांतर झालेल्या मजकुरात सगळ्यात आधी वेलांट्या आणि रफार तपासायचे ते याचसाठी.

दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत वाढलेलं जिस्ट हे तंत्रज्ञान चित्राऐवजी उच्चार साठवायचं. त्याच विचारातून इस्की ही संकेतपद्धती आली, आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. सगळ्या ब्राह्मी घराण्यातल्या लिप्यांची वर्णमाला एकच, मग आकडेही एकच ठेवा, असा तिचा हिशेब. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरातल्या लिप्यांना आकडे देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती आली. तिने इस्कीची १९८८ ची मांडणी उचलली आणि प्रत्येक लिपीला १२८ जागांची वेगळी चाळ दिली. देवनागरीची चाळ २३०४ पासून २४३१ पर्यंत. त्यात ‘क’ २३२५ वर राहतो. बंगाली ‘क’ बरोबर १२८ घरं पुढे, २४५३ वर.

आता मुद्द्याचा ‘र’.

अर्धा र मराठीत दोन प्रकारे लिहिला जातो आणि त्याने अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास दिलेली दक्षिणा गुरूकडे जाते, आचाऱ्यास दिलेली स्वयंपाक्याकडे. तऱ्हा, गुऱ्हाळ, बऱ्याच, पूर्व विदर्भातले धानाचे पऱ्हे, आणि अर्थातच वऱ्हाड. (नागपूर वऱ्हाडात येतं की नाही हा वाद इथे नको, आडनाव तर नागपुरात आहे.) हिंदीला हा आडव्या रेघेचा अर्धा र लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्यांच्या तो लक्षातच येत नाही.

स्क्रीनवर अक्षर उमटण्याआधी फाँट आणि अक्षरजोडणी करणारा प्रोग्राम मिळून आकड्यांची रांग वाचतात. र म्हणजे २३५२, पाय मोडण्याची खूण २३८१. ही जोडी दिसली आणि पुढे व्यंजन असलं, की नियम ठरलेला: र उचला, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून बसवा. वर्हाड. झालं आपल्या वऱ्हाडाचं वाटोळं. मग आडवा र मागायचा कसा?

इस्कीचं उत्तर चलाख होतं. तिच्या सामाईक वर्णमालेत दाक्षिणात्य भाषांमधल्या कठोर र साठी एक जागा होती, देवनागरीत ती खाली टिंब दिलेल्या ऱ ची. मराठीला त्या उच्चाराची गरज नाही. तेव्हा ती रिकामी खुर्ची वापरायची: ऱ (२३५३) आणि मोडलेला पाय मिळून आडवा र. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने, १९९६ साली, वेगळी रीत सांगितली: साधा र, मोडलेला पाय, आणि त्यामागे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, क्रमांक ८२०५. ‘रफार करू नकोस, अर्धंच रूप दाखव’ एवढंच तो जोडक सांगतो. पुढे युनिकोडने इस्कीची रीत स्वीकारली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून १९९६ ची रीतही चालू ठेवली. तेव्हापासून दोन्ही नांदतात.

म्हणजे वऱ्हाड एकदा २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७ असं सहा आकड्यांत बसतं, आणि दुसऱ्यांदा २३५७, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७ असं सातांत. प्रत्येक आकड्याला ३ बाइट धरले तर १८ आणि २१ बाइट. साधा शोध आकड्याला आकडा लावून पाहतो. दुसऱ्याच घराशी रांग जुळत नाही आणि तो निघून जातो.

इथे जाणकार म्हणतील, युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन नावाची, एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रांगा एका रूपात आणण्याची, सोय आहे की! आहे, पण अर्धीच कामाची. ऱ हे र अधिक नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, (२३५२, २३६४) असंही लिहिता येतं, आणि ही दोन रूपं एकच मानावीत हे युनिकोडच्या तक्त्यात नोंदलेलं आहे. नॉर्मलायझेशन ती एकत्र आणतं. जोडकवालं रूप मात्र त्या तक्त्यात नाही. ते तसंच सुटतं.

एवढं पाहिल्यावर दरवर्षी फिरणारा तो फॉरवर्ड आठवतो: संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, नासाने मान्य केलं. याचं मूळ १९८५ मधला रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख. संस्कृत व्याकरणकारांची वाक्याचा अर्थ उकलण्याची रीत आणि त्या काळी कृत्रिम बुद्धिमत्तेत अर्थ मांडायची रीत यांत साम्य आहे, असं त्यात होतं. ब्रिग्ज नासाच्या एका केंद्राशी संबंधित संस्थेत होते, नासाने संस्कृत स्वीकारली नव्हती. देवनागरी आज फोनवर नीट उमटते ती फाँट, तक्ते आणि समित्यांच्या कंटाळवाण्या कामामुळे. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आला, हे मराठीसाठी अशा हजार फॉरवर्डपेक्षा मोठं होतं.

यादी दुरुस्त करायला एक्सेल पुरतं. आधी ट्रिमने पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढा, नाहीतर मोजणी फसते. शेजारच्या रकान्यात साठवलेले आकडे किती ते मोजणारं लेन हे सूत्र लावा. वऱ्हाडपांडे ११ आले तर बहुधा इस्कीची रीत, १२ आले तर बहुधा जोडक लपलेला. खात्री करायची तर मिडने दुसरं अक्षर काढून युनिकोड या सूत्राला द्या: २३५३ की २३५२ ते आकड्यातच कळेल. हे सूत्र एक्सेल २०१३ पासून आहे. मग सबस्टिट्यूट वापरून युनिकॅर (आकड्याचं अक्षर करणारं सूत्र) २३५२, २३८१ आणि ८२०५ या तीनच्या सलग जोडणीऐवजी २३५३ आणि २३८१ ची जोडणी घाला. निकाल ‘फक्त मूल्यं’ म्हणून नव्या रकान्यात चिकटवा. मूळ रकाना पुसू नका.

घाईत लोक एक चूक करतात. दिसत नाही म्हणजे कचरा, असं समजून ८२०५ सरसकट उडवतात. तसं केलं की आचाऱ्यास चा आचार्यास होतो आणि तक्रार करायला एकही लाल रेघ उमटत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. इमोजीतलं आई-बाबा-मुलाचं कुटुंबही याच जोडकाने बांधलेलं असतं. तो काढला की तिघं वेगवेगळे उभे राहतात.

नवीन टाइप करताना इनस्क्रिप्ट कळपाट असेल तर शिफ्टसह जे दाबा, मग डी. ऱ् मिळतो, जोडकाची गरज नाही. फाँट जुना असेल आणि त्यात आडव्या र ची आकृती नसेल, तर खाली टिंब आणि मोडका पाय दिसेल. तेव्हा फाँट बदला, मजकूर नाही.

‘ॲ’ची गोष्ट याच जातीची. २००८ पर्यंत युनिकोडमध्ये मराठी ॲ ला स्वतंत्र जागा नव्हती, लोक अ (२३०९) वर चंद्र (२३७३) ठेवून काम भागवत. मग २४१८ हा क्रमांक मिळाला. दिसायला दोन्ही एकच, नॉर्मलायझेशन इथेही मदत करत नाही, आणि काही कळपाट त्या दोघांच्या मध्ये ८२०५ ही खुपसतात. म्हणजे ‘ॲडव्होकेट’ तीन तऱ्हांनी. वकिलांची यादी असेल तर वऱ्हाडपांडेंच्या आधी हा रकाना तपासा.

राहिली ती तिसरी वर्हाड, जिथे टाइप करणाऱ्याने साधा रफारच दिला. तिची लांबीही ११ च भरते, त्यामुळे लेन गप्प बसतं. आडनावांच्या रकान्यात ती सूत्राने बदलता येईल. पण पूर्ण मजकुरात दर्या की दऱ्या हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही, तिथे माणूसच बसवावा लागतो.