लढाऊ हेलिकॉप्टरवरील लक्ष्यवेधी रडार

जमिनीवरचे रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा आणि विमानविरोधी वाहने शोधून, त्यांचा प्रकार ओळखून क्षेपणास्त्राला त्यांचा ठावठिकाणा देणारे, हेलिकॉप्टरवर बसवलेले रडार. याला मारा नियंत्रण रडार असेही म्हणतात. अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या माथ्यावर चपट्या डेऱ्यासारखा जो घुमट दिसतो, तो या रडाराचा सर्वांत परिचित नमुना. त्याचे नाव लाँगबो.

तुरीच्या किंवा चण्याच्या वावरात रात्री जागल करणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला या रडाराचे काम फार समजावून सांगावे लागत नाही. मचाणावरून बॅटरीचा झोत धुऱ्याकडे फिरवला की अंधारात दोन डोळे ठिणग्यांसारखे चमकतात. जनावराचे अंग दिसत नाही. पण डोळे जमिनीपासून किती उंच आहेत, दोघांत अंतर किती आहे आणि ते कसे हलतात, एवढ्यावरून तो रोही (नीलगाय) आहे की रानडुक्कर, हे जुना जागल्या क्षणात सांगतो. रडारही झोतच टाकते, फक्त तो रेडिओ लहरींचा असतो. धातूचे पत्रे जिथे काटकोनात मिळतात, तिथून लहर आली त्याच वाटेने परत फिरते, म्हणून रणगाड्याचा बुरूज किंवा ट्रकचा हौदा आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी उजळ दिसतो. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, त्यामुळे ८ किलोमीटरवरच्या गाडीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या एका लाखाव्या भागाच्या साधारण पाचपट वेळात परत येतो. ही वेळ मोजली की अंतर कळले. गाडी चालत असेल तर परतलेल्या लहरीची वारंवारताही थोडी बदलते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने थेट रडाराकडे येणाऱ्या गाडीमुळे ३५ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ३५ अब्ज कंपनांच्या, लहरीत सुमारे २,३०० हर्ट्‌झचा फरक पडतो. एवढा फरक यंत्राला सहज ओळखता येतो. उभी गाडी हेरणे जास्त अवघड असते. तिथे प्रतिध्वनीचा बारीक पोत पाहून धातूची वस्तू झुडपे-दगडांपासून वेगळी काढावी लागते.

या रडारासाठी लहर लहान लागते, आणि खरी मेख इथेच आहे. नागपूरला हवामान विभागाचे जे डॉप्लर रडार आहे, त्याची लहर साधारण १० सेंटिमीटरची असते. एवढ्या मोठ्या लहरीचा झोत एका अंशाइतका अरुंद करायचा तर सात-आठ मीटर व्यासाची तबकडी लागते, आणि ती हेलिकॉप्टरवर बसणे शक्य नाही. लाँगबो सुमारे ३५ गिगाहर्ट्‌झवर चालते. तिथे लहर साडेआठ मिलिमीटरच्या आसपास येते आणि तेवढाच अरुंद झोत दोन-अडीच फुटांच्या अँटेनातून मिळतो. ३५ हा आकडाही नेमका निवडलेला आहे. २२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास हवेतली वाफ लहरी शोषते, ६० च्या आसपास प्राणवायू शोषतो, आणि मधल्या फटीतून लहर बऱ्यापैकी दूर जाते. मिलिमीटर लहरींवरचे आरंभीचे प्रयोग आपल्याच देशात झाले, हे इथे आवर्जून नोंदवायला हवे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या.

धूर, धूळ आणि माघातली दाट धुई यांतून ही लहर पार जाते. कॅमेरा आणि लेझर नेमके तिथेच अडतात. मुसळधार पावसात मात्र तिचा पल्ला घटतो. पाऊस हेच नागपूरच्या रडाराचे लक्ष्य, तर या रडाराला तोच अडथळा. झाडीपुढेही तिचे फारसे चालत नाही. गडचिरोलीतल्या सागवान-बांबूच्या पावसाळी रानासारख्या दाट पानोळ्यात ती वरच्या थरातच विरते, खाली उभे असलेले वाहन तिला दिसत नाही. त्यामुळे उघडे माळ आणि वाळवंट हाच या रडाराचा हक्काचा मुलूख.

घुमट पंख्याच्याही वर का, याचे उत्तरही जागलीतच आहे. ज्याच्या हातात बॅटरी, तो स्वतःही दिसतो. रडार लहरी फेकते, म्हणजे शत्रूच्या यंत्रांना आपला पत्ताही देते. म्हणून हेलिकॉप्टर टेकडीमागे किंवा झाडांच्या ओळीमागे दबा धरून तरंगते, फक्त घुमट वर काढते, काही सेकंदांत समोरचा मुलूख न्याहाळते आणि पुन्हा खाली बसते. पाती घुमटाखाली फिरत असतात, पण घुमट त्यांच्याबरोबर फिरत नाही. पंख्याच्या मधोमध असलेल्या स्थिर खांबावर तो बसवलेला असतो आणि आतली अँटेना हवी तिकडे वळते. रशियाच्या मिल-२८एन हेलिकॉप्टरनेही रडार माथ्यावरच घेतले. रशियाच्याच कामोव्ह-५२ हेलिकॉप्टरचे रडार नाकात आहे, त्यामुळे पाहायचे तर त्याला तोंड बाहेर काढावेच लागते. दडून मारा करण्याच्या दृष्टीने माथ्यावरची जागाच सरस, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, मग वजन आणि यांत्रिक गुंतागुंत वाढली तरी.

लाँगबोचे संगणक एका वेळी १२८ लक्ष्यांची नोंद ठेवतात, त्यांतली सर्वांत धोक्याची १६ निवडून वैमानिकापुढे मांडतात. प्रत्येक खुणेला प्रकार दिलेला असतो: साखळीपट्ट्याची गाडी, चाकाची गाडी, विमानविरोधी वाहन, हेलिकॉप्टर किंवा विमान. सुरुवातीच्या संचाचा जमिनीवरच्या लक्ष्यांसाठीचा पल्ला ८ किलोमीटरच्या आसपास होता. रडार असलेली अपाचीची एएच-६४डी ही आवृत्ती १९९७ पासून अमेरिकी लष्कराला मिळू लागली. त्याआधीचे अपाचीचे हेलफायर हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र लेझरवर चालत असे. लक्ष्यावर लेझरचा ठिपका क्षेपणास्त्र आदळेपर्यंत धरून ठेवावा लागे, आणि लांबच्या माऱ्यात हे काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास चाले. रणांगणावर तेवढा वेळ कोणाच्या तरी नजरेत राहणे जिवावर बेतू शकते. लाँगबो हेलफायरच्या नाकात स्वतःचे छोटे मिलिमीटर रडार असते. हेलिकॉप्टर त्याला ठिकाण सांगून सोडते आणि दडते, पुढचा माग क्षेपणास्त्र स्वतः काढते.

एवढे सामर्थ्य असूनही या रडाराची एक उणीव फार गंभीर आहे, आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. रडार गाडीचा प्रकार सांगते, पण ती कोणाची आहे आणि आत कोण बसले आहे हे सांगत नाही. दिवाळीनंतर हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगसमोर पहाटेपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागते: ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर, मध्येच एखादी बंडी, आणि गाठोड्याला टेकून पेंगणारे शेतकरी. आठ किलोमीटरवरून रडाराच्या पडद्यावर ही रांग म्हणजे चाकांच्या गाड्यांचा ताफा. लष्करी रसदीचा ताफाही तसाच दिसेल. युद्धाच्या मुलखातही माणसे शेती करतात, माल बाजारात नेतात, जीव घेऊन पळतात. म्हणून रडारावर दिसलेली खूण कॅमेऱ्याने किंवा जमिनीवरच्या माणसाने पडताळल्याशिवाय बटण दाबू नये, हा नियम तांत्रिक सोयीपेक्षा मोठा मानायला हवा.

उलट बाजूची उणीव २४ मार्च २००३ च्या रात्री इराकमध्ये करबलाजवळ दिसली. अमेरिकी अपाचींचा मोठा ताफा इराकी चिलखती दलावर चालून गेला. त्याला रोखले ते वस्तीतून आणि झाडांआडून बंदुका व हलक्या तोफा चालवणाऱ्या माणसांनी. बहुतेक हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या, एक शत्रूच्या हाती पडले आणि त्याचे दोन्ही वैमानिक कैद झाले. बंदूक घेऊन भिंतीआड बसलेला माणूस रणगाडे शोधणाऱ्या रडाराला गवसत नाही. अफगाणिस्तानात तर रणगाडे जवळजवळ नव्हतेच आणि उंचीवर हवा विरळ, म्हणून अनेक अपाची वजन वाचवण्यासाठी घुमट उतरवूनच उडवली गेली.

भारताने २२ एएच-६४ई अपाचींचा करार सप्टेंबर २०१५ मध्ये केला. पहिली ८ हेलिकॉप्टर ३ सप्टेंबर २०१९ रोजी पठाणकोट येथे वायुदलात दाखल झाली. या खरेदीत रडारसंच १२ च होते, कारण घुमटवाले हेलिकॉप्टर आपल्याला दिसलेली लक्ष्ये बिनघुमटाच्या सोबत्यांना रेडिओ जोडणीवरून पाठवू शकते. भूदलासाठी आणखी ६ अपाचींचा करार फेब्रुवारी २०२० मध्ये झाला, त्यांतली पहिली तीन जुलै २०२५ मध्ये आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला दाखल झालेल्या ‘प्रचंड’ नावाच्या देशी लढाऊ हेलिकॉप्टरवर असे रडार नाही, ते कॅमेरा आणि उष्णतादर्शक दुर्बिणीवर चालते. संरक्षण संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये पोखरणला चाचणी घेतलेल्या सँट या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या नाकात मात्र देशातच घडवलेले मिलिमीटर लहरींचे रडार आहे. त्याचा पल्ला १० किलोमीटर.

विदर्भाचा या विषयाशी संबंध दुसऱ्या टोकाने येतो. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि तिच्या बहुतेक पलटणी साखळीपट्ट्याच्या चिलखती गाड्यांतून लढतात. शत्रूच्या हेलिकॉप्टरवरचे रडार नेमक्या याच गाड्या शोधत असते. त्यापासून वाचण्याचे उपाय जुनेच आहेत: उंचवट्याची आड घेणे, दाट झाडीत गाडी घालणे, लहरी विखुरणारी जाळी अंगावर पांघरणे, आणि झोत अंगावर पडल्याचा इशारा मिळताच जागा बदलणे.