चाळीस मिनिटांचे टायर

ऑटोक्रॉसची एक फेरी साधारण 40 ते 60 सेकंदांत संपते. मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडलेले असतात, एका वेळी एकच गाडी सुटते आणि शंकू न पाडता जो कमीत कमी वेळात परत येतो तो जिंकतो. दिवसाला सहा फेऱ्या आणि वर्षाला दहा स्पर्धा धरल्या, तर 40 सेकंदांच्या हिशेबाने टायर खरोखर झुंजतात ती वर्षभरात सगळी मिळून 40 मिनिटं. अंतर जेमतेम 50 किलोमीटर भरेल.

एवढ्याशा कामासाठी टायर निवडताना आपण 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ रोजच्या रस्त्यावरून घेऊन येतो आणि तिथेच पैसे वाया जातात. रस्त्यावर नक्षी लवकर झिजत नाही तो टायर टिकाऊ. ऑटोक्रॉसमध्ये साठाव्या फेरीलाही पहिल्या फेरीसारखा धरून ठेवतो तो टिकाऊ. नक्षी उरलेली असते आणि पकड केव्हाच गेलेली असते, असं इथे सर्रास घडतं.

ते का घडतं हे रबरात डोकावलं की कळतं. डांबरातले बारीक खडे रबरात रुततात. रबर त्यांच्याभोवती वाकतं, पण स्प्रिंगसारखं झटकन मूळ आकारात येत नाही. परत येताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतं. ही दिरंगाईच गाडीला धरून ठेवते. शिवाय जिथे रबर आणि रस्ता अगदी भिडतात, तिथे रेणूंच्या पातळीवरचं आकर्षणही काम करतं. या दोन्हींसाठी रबर मऊ हवं आणि मऊपणा तापमानावर ठरतो. गार रबर ताठ असतं. फार तापलं की ते वंगण लावल्यासारखं निसटू लागतं. मधला एक पट्टा उत्तम पकडीचा, आणि तो रबराच्या प्रत्येक मिश्रणाचा वेगळा.

सर्किटवर वीस-वीस मिनिटं फिरणाऱ्या गाडीचे टायर त्या पट्ट्यात यायला एखाद-दोन फेऱ्या घेतात, तरी चालतं. आपली फेरी तेवढ्यात संपलेलीही असते. म्हणून हूझियरसारख्या कंपनीने ऑटोक्रॉससाठी ए-7 आणि सर्किटसाठी आर-7 असे दोन वेगळे टायर बनवले. ए-7 झटपट तापतो, आर-7 उशिरा तापतो पण उष्णता जास्त वेळ सोसतो. एकटाच चालक असेल, दोन फेऱ्यांमध्ये गाडी बराच वेळ उभी राहत असेल, तर झटपट जागा होणारं मिश्रण घ्यावं. एकाच गाडीवर दोघे चालक आलटून पालटून बसणार असतील तर उलट अडचण येते. टायर गार व्हायला वेळच मिळत नाही आणि फवारणीचा पंप घेऊन त्यांच्यावर पाणी मारावं लागतं.

प्रत्येक तापण्या-निवण्याची किंमत टायर मोजतो. रबरातल्या लांब साखळ्या गंधकाच्या जोडांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. टायर तापला की हे जोड थोडे आणखी वाढतात, मऊपणा देणारी तेलंही हळूहळू कमी होतात. दर वेळी रबर किंचित कडक होतं. स्पर्धेच्या टायरना पहिल्यांदा बेताने तापवून नंतर निदान 24 तास विश्रांती द्यावी असं सांगतात ते यासाठीच. नवे जोड निवांत, सारखे बसले तर टायर पुढे जास्त काळ एकसारखा वागतो.

आता बाजूच्या भिंतीवर छापलेल्या 'ट्रेडवेअर' आकड्याकडे, म्हणजे नक्षी किती हळू झिजते ते सांगणाऱ्या आकड्याकडे, वळू. अमेरिकेतील प्रतवारीत हा आकडा सक्तीचा आहे. त्यासाठी टेक्सासमधील सॅन अँजेलो परिसरात टायर 7,200 मैल सार्वजनिक रस्त्यावर फिरवून त्याची झीज प्रमाण टायरशी ताडतात. अंतिम आकडा मात्र कंपनी स्वतः ठरवते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गांसाठी, म्हणजे फारसे फेरबदल न केलेल्या गाड्यांसाठी, हा आकडा किमान 200 लागतो, त्यामुळे बाजारात 200 छापलेल्या टायरांची रांगच लागली आहे. योकोहामाचा अॅडव्हान ए-052 हाही 200 आणि हँकूकचा व्हेंटस आर-एस-4 हाही 200. पहिला पटकन तापतो, जबरदस्त धरतो आणि भराभर झिजतो. दुसरा खूप टिकतो, पण पहिल्याइतका धरत नाही. आकडा एक आणि स्वभाव दोन टोकांचे. म्हणून या आकड्याने 'मला या वर्गात उतरता येईल का' एवढंच पाहावं.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. फेरीआधी टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते त्या कडेवर, खडूची एक जाड आडवी रेघ ओढा आणि ती भिंतीवरही थोडी उतरवा. फेरी झाली की खाली बसून बघा. भिंतीवरचा खडूही पुसला गेला असेल तर हवा कमी आहे, वळणात टायर आडवा होऊन भिंतीवर चालतोय. रेघ नक्षीवरच शाबूत असेल तर हवा जास्त आहे. खांद्यावर खूण म्हणून कोरलेला बारीक त्रिकोण बऱ्याच टायरांवर असतो. खडू साधारण तिथवर पुसला जावा. मात्र टायर तापला की आतली हवाही फुगते, सुमारे साडेपाच अंशांना एक पीएसआय. सकाळी भरलेली हवा दुपारच्या चौथ्या फेरीला तीच नसते, मोजत राहावं लागतं.

तेवढ्याच आपुलकीने बाहेरची कड तपासा. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या साध्या गाडीत वळताना गाडी कलते आणि बराचसा भार पुढच्या बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. आतली अर्धी नक्षी जशीच्या तशी आणि बाहेर धागे दिसू लागलेत, असे टायर फेकून देताना जीव हळहळतो. नियमांत बसेल तेवढा ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा थोडा आत झुकवणं, आणि पुढच्या-मागच्या टायरांची वेळेवर अदलाबदल करत राहणं, यावर केलेला खर्च महागड्या मिश्रणापेक्षा लवकर वसूल होतो.

पहिल्या वर्षी तर उन्हाळी वापराचे साधे चांगले टायरच बरे. ते पकड सुटण्याआधी किंचाळून सांगतात, आणि शिकणाऱ्याला ती सूचना हवीच असते.

एकदा स्वस्तात मिळाले म्हणून मी 'नवे' चार टायर आणले. नखाने दाबले तर रबर दबेना. भिंतीवरचे शेवटचे चार आकडे मग वाचले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. माझ्या टायरांची वर्षं दुकानातच सरली होती. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी वाकून ते आकडे वाचतो, आणि वहीत प्रत्येक स्पर्धेत एकाच प्रतिस्पर्ध्याच्या आणि माझ्या वेळेतला फरक लिहितो. तो आपले टायर बदलत नाही, फारसा सुधारत नाही, आणि तरी फरक वाढत चाललाय असं दिसलं की नक्षी कितीही उरली असली तरी तो संच मी सरावासाठी ठेवून देतो.