कौटुंबिक उपासना (मराठी ख्रिस्ती)

कौटुंबिक उपासना : घरातल्या माणसांनी रोज, बहुधा दिवेलागणीनंतर, एकत्र बसून गायन, पवित्र शास्त्राचे (बायबलचे) वाचन व प्रार्थना करण्याचा ख्रिस्ती प्रघात. बोलण्यात ‘घरची प्रार्थना’ किंवा नुसते ‘प्रार्थनेला बसणे’ असे म्हणतात. येथे मुख्यतः अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना व आसपासच्या खेड्यांतील प्रॉटेस्टंट कुटुंबांचा विचार केला आहे.

उगम : याबाबत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार हा प्रघात सर्वस्वी मिशनऱ्यांनी आणला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले व १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे सुरू झाले. अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या ज्या प्यूरिटन (कडक आचाराच्या प्रॉटेस्टंट) परंपरेतून ही मंडळी आली, तीत सकाळ-संध्याकाळची घरची प्रार्थना हे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्यच होते. स्कॉटिश मिशनकडे तर याची लेखी नियमावली होती. स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने ती १६४७ मध्ये मंजूर केली होती. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारणारे नारायण शेषाद्री याच स्कॉटिश परंपरेतले.

दुसरे मत असे की, बाहेरून आला तो केवळ नियम; बैठक मात्र इथलीच, भजनाची. प्रस्तुत नोंदकाराला हे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि त्याचे कारण खुद्द १६४७च्या नियमावलीतच सापडते. निरनिराळ्या कुटुंबांनी उपासनेसाठी एकत्र जमू नये, असा तिचा कटाक्ष होता आणि चालवण्याचा अधिकार घरच्या कर्त्याचा होता. मराठी खेड्यात या दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या. शेजारचे, भावकीतले, वाटेवरचे पाहुणे येऊन बसतात. वाचन ज्याला येते तो करतो, आणि पहिल्या पिढ्यांत अक्षरओळख असलेले माणूस म्हणजे बहुधा शाळेत जाणारे पोर, कित्येकदा मुलगीच. टाळ आणि ढोलकी तर कोणत्याही नियमावलीत नव्हती.

गोव्यातील इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पर्यंत (१६१६) हे मूळ मागे नेण्याचाही प्रयत्न होतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लोकांत वाचून दाखवण्यासाठीच रचलेला होता. पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी द्या, या गोव्याच्या साष्टी भागातल्या एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या मागणीचा प्रसंग ग्रंथातच येतो. मात्र ती गोवा-मंगळूरची कॅथलिक परंपरा. १९०७ ची मंगळूर आवृत्ती निघेपर्यंत ग्रंथ मुख्यतः हस्तलिखितांतून टिकला होता. देशावरच्या वस्त्यांशी त्याचा थेट दुवा जोडणे धाडसाचे ठरेल; साम्य मानावे, वारसा मानू नये.

गायन : १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची त्यांची भजने व अभंग घराघरांत पाठ झाले. भाषांतरित पाश्चात्त्य चालींची गीते उपासनामंदिरात पेटीवर चालत. घरी, चुलीपुढे, अभंगच तोंडी बसला. निरक्षर घरात शास्त्राचे जे ज्ञान होते, ते बरेचसे या पदांतूनच आलेले होते.

वाचन व भाषांतर : मराठी नवा करार (बायबलचा येशूविषयीचा उत्तरभाग) प्रथम बंगालमधील सेरामपूरला १८११ मध्ये व मुंबईच्या अमेरिकन मिशनकडून १८२६ मध्ये छापला गेला. घरच्या वाचनाचा विचार करून भाषांतर करणाऱ्यांत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्थान वेगळे आहे. खेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल उतरवले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापले गेले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. रूढ पवित्र शास्त्रापुढे ते भाषांतर मागे पडले, हे नोंदवायला हवे.

घरच्या मननाची खरी मदार भाषांतरकारांनी निवडलेल्या घरगुती शब्दांवर आहे. प्रभूच्या प्रार्थनेत ‘रोजची भाकर’ मागितली जाते. ज्वारी-बाजरीच्या मुलखात त्यावर भाष्य लिहावे लागत नाही. दिवा मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात (मत्तय ५:१५), हे वचन ऐकताना माप आणि दिवठणी दोन्ही समोरच असत. दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल व एक ठेवली जाईल (मत्तय २४:४१), या ओळीवर दळणाऱ्या बायका किती वेळ थांबत असतील, याची कल्पना करता येते.

सगळीकडे असे सहज जुळत नाही. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात (बोधकथेत) बी वाटेवर, खडकाळीवर, काट्यांत पडते. पाभरीने ओळीत पेरणाऱ्या शेतकऱ्याला हा माणूस भलताच निष्काळजी वाटतो. ‘त्या मुलखात बी मुठीने फोकत असत’ हे आधी सांगावे लागते, मग दाखला पुढे सरकतो. तीच गत खमिराची, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाची (मत्तय १३:३३). भाकरीच्या पिठाला खमीर लागत नाही, त्यामुळे तीन मापे पीठ फुगवणारी ती स्त्री स्वयंपाकघराबाहेरचीच राहते. आंबवलेल्या पिठाचे उदाहरण देऊन वेळ निभावतात. पण जुन्या करारात हेच खमीर घराबाहेर काढायला सांगितले आहे, हे एखाद्या आजीने काढले की बैठक लांबते.

क्रम : एक-दोन पदे, वाचन, थोडे बोलणे, प्रार्थना, शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. लहान मुलांना तेविसावे स्तोत्र (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) बहुधा सर्वांत आधी पाठ होते. उत्स्फूर्त प्रार्थनेत आजारी माणूस, परगावी असलेला मुलगा, पाऊस आणि व्यालेली गाय एका दमात येतात. नवीन घर, बारसे, वर्षश्राद्धाऐवजी ठेवलेली स्मरणाची प्रार्थना अशा वेळी पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) बोलावले जाते. एरवी त्यांची गरज नसते.

कॅथलिक घरांत : वसई परिसरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना मुख्यतः रोझरीची (मरियेच्या जपमाळेची). कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांच्या) बायबलवाचनाला उत्तेजन मिळाले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच वाटेवरचे.